अधूनमधून उडणारा बार: जुन्या व्ही-8 इंजिनात दोष नेमका पकडायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. 1970 ची शेव्हरोले शेव्हेल, 350 घनइंचाचं व्ही-8 इंजिन, पॉइंट्सचं (उघडझाप करून ठिणगी घडवणाऱ्या टोकांचं) मूळ डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीने ठिणगी वाटणारा भाग, आणि क्वाड्राजेट कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग). गाडी पंधरा-वीस मिनिटं चालून गरम झाली की हलका एक्सलरेटर देताना कधीतरी एकदम बार (बॅकफायर) उडतो. कधी दिवसभर काही नाही, कधी लागोपाठ दोन-तीन. प्लग, वायरी, कॅप, रोटर नवे बसवले, कार्ब्युरेटरला किट टाकलं, टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) लावून पाहिला. बार थांबला नाही. आता पुढे काय बदलायचं?

माझं उत्तर: तूर्त काहीही बदलू नका. सतत असणारा दोष पार्ट बदलत गेल्याने कधीतरी सापडतो, अधूनमधून येणारा तसा सापडत नाही. दोन दिवस बार झाला नाही म्हणजे नवा पार्ट लागू पडला की दोष नुसता गप्प बसला, हे कळायला मार्गच नसतो. शिवाय नव्या पार्टबरोबर नवा दोष आत येऊ शकतो. तुमच्या बाबतीत नव्या वायरींवर मला तसा थोडा संशय आहे, त्याकडे पुढे येतो. खरं काम आहे ते बार होण्याच्या क्षणी काय तुटलं हे पाहण्याचं: ठिणगी, पेट्रोल की व्हॉल्व्हची हालचाल.

त्याआधी एक गोष्ट नक्की करा, कारण प्रश्नात ती स्पष्ट नाही. बार कार्ब्युरेटरमधून होतो की सायलेन्सरमधून? दोन्हीला लोक बॅकफायरच म्हणतात, पण कारणं वेगळी असतात. कार्ब्युरेटरमधला बार बॉनेटखालून येतो, आवाज जरा दबका असतो, त्याच क्षणी गाडी हिसका देते आणि एअर क्लीनरच्या आतल्या बाजूला काजळी सापडते. सायलेन्सरचा बार मागून येतो, बंदुकीसारखा कडक असतो. आत बसून फसायला होतं, म्हणून मागच्या सीटवर कुणाला तरी काच खाली करून बसवा.

कार्ब्युरेटरमधून बार येतो तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असताना सिलिंडरमध्ये ज्योत किंवा गरम दाब असतो. मिश्रण फार लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असलं तर ते हळू जळतं आणि पुढचा इनटेक उघडेपर्यंत जळतच राहतं. दुसरं कारण म्हणजे चुकीच्या सिलिंडरला चुकीच्या वेळी ठिणगी मिळणं. तिसरं, व्हॉल्व्ह नीट न बसणं किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरेसा न उघडणं. सायलेन्सरमधला बार म्हणजे न जळलेलं मिश्रण पाइपात साठून तिथे पेटणं. ठिणगी क्षणभर गेली, टायमिंग फार मागे राहिलं, मिश्रण फार रिच (पेट्रोल जास्त) झालं किंवा एक्झॉस्टच्या गळतीतून हवा आत आली, की ते होतं.

तपासणी चालू असताना एअर क्लीनर बसवलेलाच ठेवा. बार झाला तर ज्योत अडवणारी ती पहिली वस्तू आहे. इंजिन फिरत असताना कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकावू नका, आणि पेट्रोलच्या आगीला चालणारं अग्निशामक हाताशी ठेवा.

आता तुमच्या वर्णनातले धागे. गरम झाल्यावर, हलक्या एक्सलरेटरला, आणि कधीतरीच. हलका एक्सलरेटर देताना मॅनिफोल्डचा (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या वाटेचा) व्हॅक्यूम बदलतो. व्हॅक्यूम बदलला की व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (व्हॅक्यूमनुसार ठिणगीची वेळ बदलणाऱ्या डब्याचा) दांडा पॉइंट्सची प्लेट फिरवतो. प्लेट फिरली की तिला जोडलेली दोन बारीक वायर वाकतात: एक पॉइंट्सकडून कॉइलकडे (उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाकडे) जाणारी, दुसरी प्लेटच्या अर्थिंगची. पन्नास वर्षं वाकत आलेल्या वायरीतली तांब्याची तार आतून तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. प्लेट एका जागी असताना टोकं एकमेकांना टेकलेली असतात, फिरली की सुटतात. कॅप आणि रोटर बदलताना या वायरीला कुणी हात लावत नाही. म्हणून तुमच्या गाडीत मी सुरुवात इथूनच करीन.

पण डिस्ट्रिब्युटर उघडण्याआधी एक फुकटची चाचणी आहे. कॉइलच्या निगेटिव्हला टॅकोमीटर (इंजिनाचा वेग दाखवणारा मीटर) जोडा आणि तो गाडीत समोर दिसेल असा ठेवा. बार होण्याच्या क्षणी काटा एकदम शून्याकडे पडून परत उसळला, तर प्राथमिक (कमी व्होल्टेजचं) विद्युतमंडल तुटतंय: इग्निशन स्विच, फायरवॉलवरचा (इंजिन आणि गाडीच्या आतल्या भागामधल्या भिंतीवरचा) जोड, रेझिस्टन्स (व्होल्टेज कमी करणारी) वायर, कॉइल, पॉइंट्स किंवा त्यांचं अर्थिंग. इंजिनाचा वेग इतक्या झटकन शून्य होऊच शकत नाही, त्यामुळे काटा पडणं म्हणजे वीज गेल्याची खूणच. काटा स्थिर राहिला आणि बार झाला, तर वीज कॉइलपर्यंत नीट येतेय. मग दोष वायरी आणि कॅपच्या बाजूला, पेट्रोलमध्ये किंवा यंत्रात. या एका निरीक्षणाने शोधाचं अर्धं क्षेत्र बाद होतं. जुने टॅकोमीटर थोडे सुस्त असतात, पण अशी पडझड त्यांच्यावरही दिसते.

काटा पडत असेल तर मल्टीमीटर घ्या. इंजिन बंद, पॉइंट्स मिटलेले, इग्निशन चालू. मीटरचं एक टोक कॉइलच्या निगेटिव्हला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. आकडा 0.2 व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर पॉइंट्सच्या टोकांवर, वायरीत किंवा इंजिनाच्या अर्थिंगमध्ये अडथळा आहे. मग हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ॲडव्हान्सचा डबा ओढा, सोडा, पुन्हा ओढा आणि आकड्यावर नजर ठेवा. प्लेट हलताना आकडा उड्या मारत असेल तर दोष सापडला. व्हॅक्यूम टिकत नसेल तर डब्याचा पडदाही फाटलेला आहे, तीही गळतीच. हे सगळं दोन-तीन मिनिटांत उरका. पॉइंट्स मिटलेले असताना इग्निशन जास्त वेळ चालू राहिलं तर कॉइल तापते.

त्याच स्थितीत कॉइलच्या पॉझिटिव्हवर साधारण 5 ते 7 व्होल्ट दिसायला हवेत, कारण या गाडीत फायरवॉलपासून कॉइलपर्यंत कापडी आवरणाची रेझिस्टन्स वायर असते. पूर्ण 12 व्होल्ट दिसले तर कुणीतरी ती वायर काढून टाकली आहे. मग पॉइंट्स पटापट जळतील आणि तुम्ही दर काही महिन्यांनी हाच प्रश्न विचारत राहाल. 4 व्होल्टच्या खाली असेल तर वरून येणारा पुरवठाच कमजोर आहे. तो वगळून पाहण्यासाठी मूळ वायर कॉइलवरून काढून बांधून ठेवा आणि बॅटरीपासून कॉइलच्या पॉझिटिव्हपर्यंत फ्यूज, स्विच आणि साधारण 1.5 ओहमचा सिरॅमिक बॅलास्ट (रेझिस्टर) घालून तात्पुरती वायर ओढा. स्विच विसरू नका, कारण आता चावीने इंजिन बंद होणार नाही. या जोडणीवर बार थांबला तर इग्निशन स्विच किंवा फायरवॉलवरचा जोड उघडा. तिथले स्पेड हिरवट किंवा सैल झालेले निघतात.

पॉइंट्सची गॅप नव्यांसाठी 0.019 इंच, वापरलेल्यांसाठी 0.016 इंच. डेल्कोच्या खिडकीवाल्या कॅपमध्ये मात्र फीलर गेजपेक्षा ड्वेल (पॉइंट्स मिटलेले राहतात तो कोन) मोजणारा मीटर खरा: 30 अंश. आयडलपासून (एक्सलरेटर न देता) 2,500 आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) ड्वेल तीनेक अंशांहून जास्त सरकत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं बुश झिजलंय, आणि कितीही चांगले पॉइंट्स घाला, ठिणगीची वेळ डळमळणारच. ड्वेल आधी, टायमिंग नंतर, हा क्रम पाळा, कारण ड्वेल एक अंश बदललं की टायमिंगही जवळपास एक अंश सरकतं. एका टोकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा तयार झाला असेल तर कंडेन्सर (पॉइंट्सवर उडणारी ठिणगी रोखणारा भाग) बदला, आणि तो बसवतानाचा स्क्रू घट्ट असल्याची खात्री करा. गरम झाल्यावर दगा देणाऱ्या पार्टमध्ये कंडेन्सर आणि कॉइल वरच्या क्रमांकावर असतात, म्हणून थंड इंजिनवर घेतलेलं रीडिंग त्यांना निर्दोष ठरवत नाही. दोष येतोय त्याच तापमानाला मोजा.

टॅकोमीटरचा काटा स्थिर राहिला, तर आता त्या नव्या वायरी. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर 1-8-4-3-6-5-7-2 आहे. 5 आणि 7 लागोपाठ पेटतात आणि ड्रायव्हरच्या, म्हणजे या अमेरिकन गाडीत डाव्या, बाजूला शेजारी-शेजारी आहेत. त्यांच्या वायरी लांबवर एकमेकींना चिकटून समांतर नेल्या, तर 5 मधला उच्चदाबाचा झटका 7 च्या वायरीत वीज निर्माण करतो. 5 ला तीसेक अंश आधी ठिणगी पडते तेव्हा 7 चा पिस्टन वर यायला 120 अंश बाकी असतात. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह अजून पुरता मिटलेला नसतो, आत दाब कमी असतो आणि कमी दाबात ठिणगी उडायला थोडाच व्होल्टेज पुरतो. ज्योत थेट कार्ब्युरेटरच्या वाटेने बाहेर. म्हणून 5 आणि 7 च्या वायरी एकाच क्लिपमध्ये ठेवू नका, निदान दोनेक इंच अंतर ठेवा आणि जिथे ओलांडाव्याच लागतात तिथे काटकोनात ओलांडा. नवा सेट बसवताना सगळ्या वायरी नीटनेटक्या एकत्र बांधण्याचा मोह होतो, आणि नेमकं तिथेच बिघडतं. दोन वायरींची अदलाबदल झाली असती तर इंजिन सतत थरथरलं असतं, त्यामुळे ती शक्यता तुमच्याकडे नाही.

अंधारात इंजिन चालू ठेवून कॅप आणि वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. निळसर ठिणग्या बाहेर उड्या मारताना दिसल्या तर गळती तिथेच. कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट आहे. नव्या कॅपलाही एखाद्या आठवड्यात ती पडू शकते.

टायमिंग लाइटने पाहिलं असं तुम्ही लिहिलंय, पण खूण खरी आहे का? क्रँकवरच्या बॅलन्सरची बाहेरची रिंग रबरावर बसलेली असते. रबर म्हातारं झालं की रिंग सरकते आणि खूण खोटं सांगायला लागते. बॅटरी सोडा, प्लग काढा, पहिल्या सिलिंडरच्या भोकात पिस्टन-स्टॉप बसवा, क्रँक हाताने एका बाजूने टेकेपर्यंत फिरवून खूण करा, मग उलट फिरवून दुसरी. दोन्हींचा मध्य म्हणजे खरा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा). त्यानंतर व्हॅक्यूमची नळी काढून, बंद करून पाहिलं तर साध्या 350 ला 3,000 आरपीएमच्या आसपास एकूण 34 ते 36 अंश ॲडव्हान्स यावा, खूण सरळ वर चढावी आणि एक्सलरेटर सोडल्यावर परत त्याच जागी यावी. डिस्ट्रिब्युटरमधली, वेगानुसार टायमिंग पुढे नेणारी वजनं गंजून अडकत असतील तर ती कधी परत येते, कधी नाही, आणि हाही अधूनमधून येणारा दोषच. खूण जागच्या जागी नाचत असेल तर टायमिंग चेन पाहा: कॅप काढा, क्रँक एका दिशेला फिरवा, मग उलट दिशेने रोटर हलेपर्यंत किती अंश मोकळे जातात ते मोजा. पाच-सहा अंशांपर्यंत चालेल, दहाच्या पुढे असेल तर चेन बदला. मूळ कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) गिअरला नायलॉनचे दात असतात. ते तुटून ऑइल पॅनमधल्या जाळीत अडकतात, त्यामुळे मूळ चेन अजून आत असेल तर ती तशीही काढण्याच्या लायकीची आहे.

पेट्रोलच्या बाजूने पाहिलं तर कार्ब्युरेटरमधला बार आणि हलका एक्सलरेटर ही जोडी लीन मिश्रणाकडे बोट दाखवते. इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरमध्ये पाहा आणि लिंकेज हाताने ओढा. हालचाल सुरू होताच दोन जाड, सरळ धारा पडायला हव्यात. उशिरा पडल्या किंवा एकच पडली तर ॲक्सलरेटर पंपाचा रबरी कप गेलेला आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही, शिवाय 10 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला हवेचं योग्य प्रमाण 14.7 ऐवजी 14.1 च्या आसपास लागतं, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आपोआप थोडं लीन होतं. क्वाड्राजेटमध्ये पॉवर पिस्टनही पाहा. किट टाकताना तो पुष्कळदा तसाच परत बसवला जातो. बोटाने दाबून सोडल्यावर तो स्प्रिंगने स्वतः वर उडी मारून आला पाहिजे. खाली अडकला तर मध्यम भाराला पेट्रोल वाढतच नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, इनलेट नटच्या आत एक छोटा फिल्टर असतो, तोही विसरू नका.

वीस मिनिटांनीच दोष येतो, म्हणून टाकीचं झाकण सैल करून एकदा चालवा. हवा आत जाण्याची वाट बंद असेल तर टाकीत पोकळी तयार होत जाते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. इंजिन आयडलला ठेवून पंपाची नळी भांड्यात सोडली तर 30 ते 45 सेकंदांत साधारण अर्धा लिटर यायला हवं. त्याहून चांगलं म्हणजे इंधनदाबाचा गेज काचेबाहेर, वायपरखाली बांधून चालवणं. बार होण्याआधी दाब 4 पीएसआयच्या खाली घसरला तर कारण समोर आहे. गेज किंवा पेट्रोलची नळी गाडीच्या आत कधीही आणू नका.

काहीजण एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसवून मिश्रण पाहतात. उपयोगी आहे, पण एक सापळा लक्षात ठेवा. ठिणगी चुकली की न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर जातो आणि मीटर लीन दाखवतो. म्हणून बार होण्याआधी आकडा लीन झाला की नंतर, हे पाहा. नंतर झाला असेल तर कार्ब्युरेटरला हात लावू नका.

हवेची गळती पटकन तपासता येते. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. साध्या कॅमला आयडलवर पाऱ्याच्या 17 ते 21 इंचांवर स्थिर काटा हवा. पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी, कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट, एवढं पाहा. ब्रेक दाबल्यावरच बार होत असेल तर बूस्टरच. काटा ठरावीक लयीत खाली टिचकत असेल तर एक व्हॉल्व्ह बसत नाहीये, अनियमित टिचकत असेल तर व्हॉल्व्ह अडकतोय किंवा ठिणगी चुकतेय.

बार सायलेन्सरमधून आणि एक्सलरेटर सोडताना होत असेल तर मॅनिफोल्डचे आणि पाइपाचे जोड तपासा, आणि गाडीला एअर पंप (एक्झॉस्टमध्ये हवा सोडणारा) असेल तर त्याचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह. एक्सलरेटर सोडताच त्याने पंपाची हवा बाहेर वळवली पाहिजे.

यातलं बरंच इंजिन मूळ स्थितीत आहे असं धरून लिहिलंय. मोठा कॅम असेल तर व्हॅक्यूमचे आकडे कमी येतील. पॉइंट्सऐवजी एचईआय (पॉइंट्स नसलेलं इलेक्ट्रॉनिक) डिस्ट्रिब्युटर असेल तर तीच वाकणारी वायर पिकअप कॉइलची असते: 500 ते 1,500 ओहम, आणि व्हॅक्यूम पंपाने हलवताना आकडा स्थिर. फोर्डच्या 289 आणि 302 चा क्रम 1-5-4-2-6-3-7-8 आणि रोटर उलट दिशेने फिरतो, तिथे शेजारी पेटणारी जोडी 7 आणि 8. जुना हॉली कार्ब्युरेटर असेल तर बारामुळे पॉवर व्हॉल्व्हचा पडदा फाटतो आणि नंतर आयडल रिच होतं. तो परिणाम असतो, त्यालाच मूळ दोष समजू नका.

इतकं सगळं निर्दोष निघालं आणि बार कार्ब्युरेटरमधूनच येत असेल, तर मला भीती आहे ती कॅमच्या एक्झॉस्ट लोबची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या उंचवट्याची). लोब झिजला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, जळलेला वायू आतच कोंडतो आणि इनटेक उघडताच वर धावतो. सुरुवातीला हे फक्त भार आल्यावर, कधीतरी होतं, मग वाढत जातं. कॉम्प्रेशन चाचणीत ते बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणूनच लोक कार्ब्युरेटर बदलत राहतात. व्हॉल्व्ह कव्हर काढून आयडलवर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारे दांडे) पाहा, प्रत्येक स्वतःभोवती फिरताना दिसला पाहिजे. जो फिरत नाही त्याच्या खालचा टॅपेट (कॅमवर टेकणारा भाग) लोब खातोय. मग इंजिन बंद करून डायल गेज रिटेनरवर (व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरच्या टोपीवर) टेकवा आणि क्रँक हाताने फिरवून सोळाही व्हॉल्व्हची उचल मोजा. मूळ 300 अश्वशक्तीच्या 350 ला इनटेक 0.390 आणि एक्झॉस्ट 0.410 इंच असते. हायड्रॉलिक टॅपेट थोडे दबतात, त्यामुळे मूळ आकड्यापेक्षा सगळ्या एक्झॉस्टची आपसात तुलना जास्त सांगते. एखादा 0.030 इंचाने किंवा अधिक मागे असेल तर कॅम संपला आहे.

तेव्हा कॅमबरोबर सोळाच्या सोळा टॅपेट नवे घ्या, जुने टॅपेट नव्या कॅमवर कधीच नाही. झिजलेल्या लोबचं लोखंड ऑइलमध्ये गेलेलं असतं, म्हणून पॅन उतरवून धुवा आणि निदान एक बेअरिंग उघडून पाहा. नवा कॅम जस्त-फॉस्फरस जास्त असलेल्या ऑइलवर, इंजिन सुरू होताच 2,000 आरपीएमच्या वर वीस मिनिटं चालवायचा, आयडलला येऊ द्यायचा नाही. त्यामुळे पेट्रोल, कूलंट आणि टायमिंग आधीच जुळवून ठेवा, म्हणजे पहिल्याच चावीला इंजिन पेट घेईल.